सतरा किलोंची बॅग आणि दोराची एक फेक

चिपळूण तालुक्यातल्या एका ३३ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. ते लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतात. २२ जुलै २०२१च्या पुरात ते नातेवाइकांच्या घरी वरच्या मजल्यावर अडकले होते. समोरच्या घरातून हाका येत होत्या आणि त्यांना काहीच करता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी ‘टॅक्टिकल’ सामान जमवायला सुरुवात केली. आतापर्यंत साधारण ८५ हजार रुपये गेले. त्यात पाउच लावलेलं व्हेस्ट, मोठी बॅग, डी२ पोलादाचा सुरा, ‘पॅराकॉर्ड ५५०’ नावाचा बारीक नायलॉनचा दोर, टॉर्च, नऊशे रुपयांना दोन आलेले टुर्निकेट (दांडी फिरवून आवळायचे, रक्त थांबवणारे पट्टे), चिनी वॉकीटॉकीची जोडी आणि लष्करी रंगाचे कपडे आहेत. भरलेली बॅग १७ किलोंची, त्यांचं स्वतःचं वजन ६४.

ते गावातल्या तरुणांच्या बचाव गटात आहेत. गटातले पोहणारे कमरेला दोर बांधून पाण्यात उतरतात, बाकी सामान म्हणजे कोयत्या आणि दोर. गेल्या पावसाळ्यात वरच्या वाडीतल्या एका माणसाला रात्री फुरसं चावलं. यांनी बांधायला टुर्निकेट काढला, तो आशाताईंनी, म्हणजे गावातल्या ‘आशा’ आरोग्य स्वयंसेविकेने, थांबवला. उतरताना टॉर्च पंधरा मिनिटांत मंद झाला, व्हेस्ट करवंदीच्या जाळीत अडकलं आणि हेच मागे राहिले. माणूस वाचला. नंतर गटाचे प्रमुख म्हणाले, “पुढच्या वेळी एवढं सामान आणू नकोस, नुसता ये.” पत्नी म्हणते, सगळं विकून टाका. यांना मात्र दिवाळीच्या बोनसमधून ४० हजारांची थर्मल दुर्बीण घ्यायची आहे. ते विचारतात, “तयारी माझ्याकडे आहे, त्यांच्याकडे नुसती कोयती आणि दोर. तरी निरुपयोगी मीच कसा ठरलो? सामान विकू, की अजून चांगलं घेऊ?”

नमस्कार.

तुमच्या पत्रात सामानाची यादी पानभर आहे आणि पुराच्या रात्रीबद्दल दोनच ओळी आहेत. पण सगळं त्या दोन ओळींतूनच निघालेलं दिसतं. समोरून हाका येताहेत, मधे रस्त्याच्या जागी नदी वाहतेय आणि आपले हात रिकामे आहेत, हे ज्याने भोगलं तो पुन्हा हात रिकामे राहू नयेत म्हणून धडपडणारच. याला कुणी चैन म्हणत असेल तर ते मला पटत नाही. त्या रात्रीबद्दल तुम्ही पत्नीशी कधी नीट बोलला आहात का? त्यांना दारात येणारी कुरिअरची खोकी दिसतात, त्यामागची रात्र दिसत नाही. सामान विकायचं की ठेवायचं हा वाद त्यानंतरचा.

आता त्याच रात्रीत परत जाऊ. समजा, आजचं सगळं सामान तेव्हा वरच्या मजल्यावर तुमच्याजवळ होतं. काय केलं असतंत? सुऱ्याला काम नव्हतं. वॉकीटॉकीच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. व्हेस्ट घालून पाण्यात उतरला असतात तर भरलेले पाउच आणि पाणी शिरलेले बूट यांनी तुम्हालाच खाली ओढलं असतं. पॅराकॉर्ड फेकला असता? तो चार मिलिमीटरचा. त्याच्या नावातला ५५० हा आकडा पौंडांचा, म्हणजे सुमारे २५० किलोंचा, आणि तोही स्थिर भार धरून. प्रवाहात झटके खाणारा माणूस म्हणजे स्थिर भार नव्हे. गाठ मारली की ताकद आणखी घटते, नायलॉन पाण्यात बुडतं, आणि एवढा बारीक दोर ओल्या हातातून सुटतो नाहीतर तळवा कापतो. टॉर्चने खूण करता आली असती, तेवढीच.

उपयोगी पडला असता तो वीसेक मीटरचा तरंगणारा दोर आणि तो नेमका फेकायची सवय झालेला हात. समोरच्या घरापर्यंत निदान दोर पोचला असता, आणि दोरावरून पाणी, औषध, जॅकेट पोचवता आलं असतं. ८५ हजारांच्या यादीत लाइफ जॅकेट एकही नाही, हे तुमच्या लक्षात आलं आहे का? विकणारे जे दाखवतात ते घेतलं गेलं. वाशिष्ठी नदीच्या पुरात काय लागेल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी समोरच नव्हता.

“त्यांच्याकडे नुसती कोयती आणि दोर” हे वाक्यही तपासून बघा. कमरेच्या आकडीत अडकवलेली कोयती ही वर्षाचे बारा महिने हातात असलेली वस्तू आहे. ती कुठे आहे हे बघावं लागत नाही, किती जोराने मारायची याचा विचार करावा लागत नाही. करवंदीच्या जाळीतून वाट काढताना तुमचा सुरा आणि त्यांची कोयती यांत फरक पोलादाचा नाही, वापराच्या तासांचा आहे. खाडीकाठची जुनी माणसं तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितकी भरती उशिरा पोचते. पण उधाणाच्या भरतीला पुराचं पाणी लवकर ओसरत नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो म्हातारीला आत्ता हलवायचं की दोन तासांनी हे ठरवू शकतो. ही तयारी बॅगेत दिसत नाही, म्हणून तुमच्या मोजणीतून सुटली.

मात्र गटाचंही सगळं बरोबर आहे असं नाही, आणि इथे तुमची बाजू खरी आहे. कमरेला दोर बांधून वाहत्या पाण्यात उतरणं फार धोक्याचं. दोर ताणला की प्रवाह बांधलेल्या माणसाला खाली दाबतो, काठावरचे घाबरून आणखी ओढतात आणि तो आणखी खाली जातो. पट्टीचा पोहणारा असा बुडतो. पोहता येतं म्हणून जॅकेट नको, ही समजूतही तितकीच वाईट. पुराच्या पाण्यात ओंडके, पत्रे, गॅसच्या टाक्या वाहत येतात. डोक्याला एक फटका बसला की पोहण्याचं कसब संपलं, मग तरंगवणारं जॅकेटच हवं. तेव्हा सामान महत्त्वाचंच आहे. प्रश्न आहे तो कोणतं आणि कितव्या क्रमांकावर. जॅकेट घेताना ते किती तरंगवतं हे सांगणारा न्यूटनचा आकडा बघा. ५०चं जॅकेट काठाजवळ असलेल्या, शुद्धीवरच्या पोहणाऱ्यासाठी, १००चं शांत पाण्यासाठी. १५०चं शुद्ध हरपलेल्या माणसालाही बहुतेक वेळा उताणं करतं. बचावासाठी जाणाऱ्याला हात मोकळे हवेत म्हणून तो बेताचं घालतो, वाचवलेल्याला मात्र मोठ्या आकड्याचं द्यावं.

तुमच्या हाताला पहिलं कसब दोर फेकण्याचं लावा. हर्णै, दाभोळ किंवा मिरकरवाड्याकडे जाळी-दोराची दुकानं आहेत, तिथे आठ ते दहा मिलिमीटर जाडीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर मागा. हातभर तुकडा बादलीत टाकून बघा, तरंगला तरच घ्या. वीस मीटर पुरे. जुन्या रेनकोटच्या कापडाची हातभर उंच पिशवी शिवा, पाणी निघून जावं म्हणून तळाला जाळीचं कापड लावा आणि आत फोमचा एक तुकडा टाका, म्हणजे पिशवीही तरंगेल. दोराचं टोक तळातून बाहेर काढून गाठ मारा. उरलेला दोर मुठीमुठीने कोंबायचा. नीट वेटोळी घालून भरला तर दिसतो छान, पण फेकताना गुंततो. तुमच्या हातातल्या टोकाला फास ठेवू नका, मनगट त्यात अडकतं.

फेकण्याआधी ओरडा, “दोर!” समोरच्याची नजर तुमच्याकडे वळू द्या. पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे गेली पाहिजे, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. पिशवी त्याच्या हातात द्यायला गेलात तर ती अलीकडे पडते आणि प्रवाह ती घेऊन जातो. त्याने दोर छातीशी धरायचा, खांद्यावरून घ्यायचा आणि उताणं व्हायचं. तुम्ही खाली बसा, टाचा रोवा. ओढायची घाई नको, प्रवाहच त्याला वळवून तुमच्या बाजूच्या काठाला लावतो. म्हणून फेकण्याआधीच खालच्या अंगाला बघून घ्या, तिथे झाड, कुंपण किंवा पुलाचा खांब नको. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कमरेला बांधायचा नाही. पहिली फेक चुकली तर पिशवी पुन्हा भरत बसू नका. दोर ओढून डाव्या हातात मोठी वेटोळी घ्या, पिशवीत थोडं पाणी येऊ द्या म्हणजे वजन मिळेल, आणि लगेच फेका.

सराव शाळेच्या मैदानात होतो. पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन बारा मीटरवर ठेवा आणि रोज दहा फेकी करा. दहांपैकी आठ वेळा दोर कॅनवर पडायला लागला की पावसात करा, मग रात्री. सगळ्यात जास्त सराव दुसऱ्या फेकीचा करा. लोक तिथेच गडबडतात.

आता टुर्निकेट. आशाताईंनी तुम्हाला थांबवलं ते अगदी योग्य केलं, आणि का ते समजून घ्या. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि चाव्याच्या जागेचं मांस खराब होऊ लागतं. आवळून बांधलं की विष त्याच भागात कोंडतं, रक्तपुरवठा तुटतो, आणि वाचला असता तो पाय धोक्यात येतो. घोणसाचंही तसंच. नाग आणि मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, पण तिथेही आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला धीर द्यायचा आणि चालवायचं नाही. पाय किंवा हात मोडल्यावर बांधतात तसा काठीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. अंगठी, बांगड्या, पायातला काळा दोरा सूज येण्याआधी काढायचा. चावल्याची वेळ लिहायची, सुजेची कड पेनाने आखून बाजूला वेळ टाकायची, आणि १०८ला फोन करून लस असलेल्या रुग्णालयात न्यायचं. साप मारायला थांबू नये. कुणी आधीच करकचून बांधलेलं असेल तर वाटेत एकदम सोडू नका, ते काम डॉक्टरांसमोर होऊ द्या.

टुर्निकेट आहे तो कोयतीने पिंढरी उघडी पडते त्यासाठी, मुंबई-गोवा महामार्गावरच्या अपघातासाठी, यंत्रात सापडलेल्या हातासाठी. आधी जखमेवर थेट दाब. रक्त तरीही उसळत असेल तर जखमेच्या वर पाच ते सात सेंटीमीटरवर पट्टा, सांध्यावर कधीच नाही. इथे बहुतेकांची एकच चूक होते. पट्टा सैल असतानाच दांडी फिरवायला घेतात. पट्टा आधी हाताने इतका ओढायचा की त्याच्याखाली बोटं जाऊ नयेत, मग दांडी. नीट ओढला असेल तर दोन-तीन फेऱ्यांत रक्त थांबतं. सैल राहिला तर पाच फेऱ्या मारूनही थांबत नाही आणि दांडी तेवढी वाकते. रक्त थांबलं आणि खालची नाडी लागेनाशी झाली की बरोबर बसला. खूप दुखतं, ओरडणाऱ्या माणसाची दया येऊन सैल करायचा नाही. वेळ ठळक लिहायची. तेवढ्याने न थांबल्यास त्याच्या वर दुसरा.

नऊशेला दोन आलेले टुर्निकेट नकली आहेत असंच धरून चाला. खऱ्याची किंमत कितीतरी जास्त असते. नकलीचा दांडा जोर लागला की वाकतो किंवा मोडतो आणि टाके उसवतात. त्यांच्यावर लाल रंगाने ‘सराव’ लिहा. स्वतःच्या मांडीवर, एका हाताने, डोळे मिटून, अर्ध्या मिनिटात बसेपर्यंत रोज पाच वेळा करा, पण पूर्ण आवळून ठेवू नका. मग एक खात्रीचा घ्या. तो सरावाला वापरायचा नाही, आणि व्हेस्टवर बाहेर उन्हात लटकवायचा नाही, उन्हाने प्लॅस्टिक आणि पट्टा कमकुवत होतात.

याच कोकणात, महाड परिसरात काम करताना डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी लागू पडते हे दाखवून दिलं. तिथे भारी यंत्रं नव्हती. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवणं होतं. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आधी नीट बघायचं, मग हाताशी असलेली योग्य वस्तू उचलायची, हा क्रम तुमच्या कामालाही लागू आहे.

बॅगेकडे येऊ. ६४ किलोंच्या माणसाने १७ किलो घेतले म्हणजे वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त झाले. शेवाळलेल्या जांभ्यावरून उतरताना पाचवा हिस्सा, म्हणजे तेरा किलो, ही वरची हद्द. बचावाला जाताना आठ-नऊच्या वर नको, कारण परतीच्या वाटेवर खांद्याला डोलीही असते. एक सतरंजी अंथरा, सगळं तिच्यावर मांडा, हात ओले करा, दिवा घालवा, आणि प्रत्येक वस्तू हाताने शोधून वापरून बघा. अर्ध्या मिनिटात जमलं ती वस्तू बॅगेत राहील. जी वापरायला उजेड लागतो ती सरावाच्या ढिगात. जी कशासाठी घेतली तेच सांगता येत नाही ती विकायच्या ढिगात. पत्नीला सोबत बसवा. वेळ त्यांना मोजू द्या.

व्हेस्टचे पाउच हलत होते का? जाळीत अडकायचं अर्धं कारण तिथे असतं. व्हेस्टवरच्या आडव्या पट्ट्या इंचभर रुंदीच्या आणि इंचभर अंतराने असतात. पाउचच्या मागची उभी पट्टी आधी व्हेस्टच्या पट्टीखालून, मग पाउचच्या पट्टीखालून, पुन्हा व्हेस्टच्या, अशी विणत खाली न्यायची. बरेच जण ती सरळ व्हेस्टच्या पट्ट्यांतून खाली सरकवून बटण लावतात. मग पाउच लोंबतो आणि प्रत्येक फांदी त्याला धरते. पण खरं सांगायचं तर कोकणच्या रानात व्हेस्ट नकोच. पुढून सपाट राहा, सामान पाठीवर घ्या.

टॉर्चचं अपयश तुमच्या हातचं नव्हतं, पण खरेदीचं होतं. जाहिरातीतला मोठा लुमेनचा आकडा पहिल्या काही मिनिटांचा असतो, मग टॉर्च तापू नये म्हणून स्वतःच प्रकाश कमी करतो. १८६५० या मापाच्या सेलवर ३५००च्या आसपास मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतील तर विश्वास ठेवा. ९९०० लिहिलेला सेल खोटा. घरी पूर्ण चार्ज करून मध्यम प्रकाशावर लावून ठेवा आणि किती वेळ चालतो ते घड्याळ लावून बघा. तोच खरा आकडा. त्याहून बरं म्हणजे हेडलॅम्प घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. मुसळधार पावसात प्रखर झोत थेंबांवरून परतून डोळ्यांवर येतो, तेव्हा मंद प्रकाशच जास्त दाखवतो. झाकणाच्या रबरी रिंगेला आगोटीआधी, म्हणजे पावसाळा सुरू होण्याआधी, सिलिकॉन ग्रीस लावा.

सुऱ्याबद्दल दोनच गोष्टी. डी२ पोलाद पूर्ण स्टेनलेस नाही, खाऱ्या हवेत त्यावर गंजाचे ठिपके येतात. तेव्हा गोड्या पाण्याने धुऊन, कोरडा करून तेलाचा हात फिरवा आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. दुसरं म्हणजे शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा शस्त्रांच्या यादीत येतो. शेतीच्या आणि घरकामाच्या हत्यारांना त्यात सूट आहे. जिल्ह्यात मनाई आदेश लागू असताना तर लहान सुराही अंगावर नको. कोयती शेतीची आहे, कामाचीही तीच जास्त.

वॉकीटॉकी आजपासून बंद ठेवा. कुठल्याही वारंवारितेवर बोलता येणारे असे संच परवान्याविना वापरणं गुन्हा आहे, आणि नकळत तुम्ही दुसऱ्याच्या, कदाचित बचावयंत्रणेच्याच, संभाषणात आडवे येऊ शकता. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवर चालणारे कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच विनापरवाना चालतात. डोंगराआड ते फार लांब पोचत नाहीत, पण वाडीतल्या वाडीत पुरतात. रेडिओची खरी ओढ असेल तर हॅमची, म्हणजे हौशी रेडिओ चालवण्याच्या परवान्याची, परीक्षा द्या. प्राथमिक दर्जाच्या परवान्याला मोर्सची अट नाही. वीज जाऊन मोबाइलचे मनोरे बंद पडतात तेव्हा तालुक्याला असा एक माणूस मोलाचा असतो.

लष्करी रंगाचे कपडे मात्र घालूच नका. लष्कराचा जानेवारी २०२२मध्ये आलेला नवा गणवेश बाजारात विकायला परवानगी नाही, आणि आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. आपला किनारा या बाबतीत हळवा आहे. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली बेवारस नौका सापडली तेव्हा किनाऱ्यावर किती धावपळ झाली हे तुम्हाला आठवत असेल. आणि कायदा बाजूला ठेवला तरी कामाच्या दृष्टीने तो रंगच उलटा आहे. हिरव्या रानात लपवणारा रंग बचाव करणाऱ्यालाही लपवतो. भगवा-नारिंगी घाला, बोटीवरून आणि वरून दिसतो.

थर्मल दुर्बिणीचं उत्तर ‘आत्ता नको’. ती उष्णता दाखवते, पण पाण्याखालचं दाखवत नाही, काचेपलीकडचं दाखवत नाही, दाट झाडोऱ्याआडचं फारसं दाखवत नाही. आणि मुसळधार पावसात, धुक्यात तिचा पल्ला खूप घटतो. म्हणजे तुम्हाला ती लागेल नेमकं तेव्हाच अपुरी पडेल.

बोनसमधले निम्मे घरात राहू द्या. उरलेल्यांतून दोन लाइफ जॅकेट, दोन हेल्मेट, दोर, दोन हेडलॅम्प आणि तो एक खरा टुर्निकेट घ्या. प्रशिक्षणाला बहुतेक पैसे लागत नाहीत, रजा लागते. तुमच्या कारखान्यातच सुरुवात होऊ शकते. कारखान्यात प्रथमोपचार पेट्या आणि त्या सांभाळायला प्रथमोपचार शिकलेली जबाबदार माणसं लागतात. सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटून त्या यादीत नाव घालायला सांगा आणि रासायनिक गळतीच्या सराव कवायतीत भाग घ्या. दुसरं, रत्नागिरीच्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षात ‘आपदा मित्र’च्या पुढच्या तुकडीची चौकशी करा, फोन १०७७. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या या योजनेचं प्रशिक्षण बारा दिवसांचं असायचं. पाळीच्या सुट्ट्या आत्तापासून जमवायला लागा. पोहणं विहिरीतलं असेल तर ते पुराला पुरत नाही. अंगावर पूर्ण कपडे ठेवून, देखरेखीखाली, दोनशे मीटर पोहून बघा. जमेपर्यंत काठावरचा दोर हीच तुमची जागा, आणि ती कमी नाही.

एक गोष्ट तुम्ही दोष समजून लिहिली आहे, ती गटाला हवी आहे. वस्तूंची काळजी घेणं, आकडे लक्षात ठेवणं, काय कशाने बनलं आहे हे वाचत बसणं, हे सगळ्यांना जमत नाही. गटाचं सामान सांभाळायला कुणी नसेल, तर प्रमुखांना म्हणा, ते मी बघतो. आगोटीला सगळं बाहेर काढून तपासणं, दर पंधरा दिवसांनी सेल चार्ज करणं, औषधांच्या मुदती वहीत लिहिणं, पावसातून आलेला दोर सावलीत वाळवणं, जॅकेटच्या टाक्यांना बुरशी धरली का बघणं. पावसाळ्यात या किनाऱ्यावर न वापरलेली वस्तू वापरलेल्या वस्तूपेक्षा लवकर खराब होते. कमरेला दोर बांधायची सवय मोडायची असेल तर भाषण देऊ नका. मैदानावर सगळ्यांना पिशवी फेकायला लावा आणि दोन जॅकेट समोर ठेवा.

आणि या आठवड्यात आशाताईंकडे जा. त्यांना विचारा, सर्पदंशाची लस आपल्याला सगळ्यात जवळ कुठे मिळते. प्राथमिक आरोग्य केंद्रात की कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, रात्री तिथे डॉक्टर कोण असतात, पुलावर पाणी आलं तर दुसरी वाट कोणती, आणि वरच्या वाडीपासून डोलीने डांबरी रस्त्याला यायला किती मिनिटं लागतात. त्या सांगतील ते एका कार्डावर लिहा, प्लॅस्टिकमध्ये घाला आणि बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवा. ती मिनिटं त्यांनाही नक्की माहीत नसतील, तर एका रविवारी गटाला घेऊन डोलीत साठ किलो तांदूळ ठेवा आणि वरच्या वाडीतून उतरून बघा.